लष्करातील बिगरी

पुण्याच्या शिक्षणाचा इतिहास लिहावयास बसले की लेखणी साहजिकच पेठांतून फिरते. १८२१ साली विश्रामबागवाड्यात कंपनी सरकारने उघडलेली संस्कृत पाठशाळा, १८४८ साली भिड्यांच्या वाड्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी सुरू केलेली मुलींची शाळा, १८८० च्या पहिल्या दिवशी भरलेले न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८४ सालची हुजूरपागा, एवढी स्थळे सांगून झाली म्हणजे आपल्या ग्रंथकारांना हा विषय पुरा झाला असे वाटू लागते. आणि नागझरीच्या पलीकडे, ज्या वस्तीला पुणेकर आजही लष्कर म्हणतात त्या वस्तीत, याच काळात काही पिढ्या लहान मुले अक्षरे गिरवीत व प्रार्थना पाठ करीत होती, याची नोंद कोठे एखाद्या ओळीपलीकडे जात नाही. या उपेक्षेला कारण आहे. लष्करातील शाळा परक्यांनी परक्यांच्या मुलांसाठी काढलेल्या होत्या, आणि त्यांचा मराठी जीवनाशी संबंध फार उशिरा आला. परंतु त्यांतील कॅथलिक मुलांच्या शाळेचा, विशेषतः तिच्या प्राथमिक वर्गांचा, इतिहास थोडा खोलात जाऊन पाहिला तर तो आपल्याला पुण्यात थांबू देत नाही. तो नगर रस्त्याने पाऊणशे मैल पूर्वोत्तर नेतो, आणि त्या दुसऱ्या टोकाशी जे दिसते ते पाहिल्यावाचून पहिल्या टोकाचा अर्थ लागत नाही, असे माझे मत आहे.

येथे एक भेद आरंभीच सांगून ठेवला पाहिजे. फुले ज्या शाळेत इंग्रजी शिकले ती स्कॉटिश मिशनची शाळा, १८९० च्या प्रसिद्ध चहाप्रकरणाचे पंचहौद मिशन, १८६४ सालचे बिशप्स स्कूल व १८६६ सालचे सेंट मेरीज, या सर्व संस्था प्रॉटेस्टंट पंथांच्या होत. कॅथलिकांचे दप्तर निराळे आहे आणि पुण्यातील त्याचे पहिले पान इंग्रजी अमलाहून जुने आहे. सवाई माधवरावांच्या कारकीर्दीत, १७९२ साली, पेशव्यांच्या चाकरीतील पोर्तुगीज अधिकारी दोम मिगेल द नोरोन्या याच्या विनंतीवरून फौजेतील कॅथलिक शिपायांच्या उपासनेसाठी शहराच्या पूर्व हद्दीस जागा देण्यात आली. क्वार्टर गेटजवळील सिटी चर्च ते हेच. पुण्यातील कॅथलिक वस्तीचा पाया असा एका ब्राह्मणी दरबाराच्या सनदेवर घातला गेला ही गोष्ट मला नेहमीच महत्त्वाची वाटत आली आहे.

१८१७ च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली, शनिवारवाड्यावरील निशाण बदलले आणि शहराच्या पूर्वेस छावणी वसली. या छावणीतील गोरे शिपाई सारे इंग्लंडचे असत अशी जी आपली सर्वसाधारण समजूत आहे ती बरोबर नाही. १८३० साली ब्रिटिश सैन्यातील साध्या शिपायांपैकी शेकडा ४२ आयर्लंडचे होते. घरी जमीन नाही, बटाट्याखेरीज अन्न नाही, म्हणून पलटणीत नाव नोंदविलेली ही कॅथलिक माणसे होती. त्यांच्याच वर्गणीतून १८५० साली पुण्याचे सेंट पॅट्रिक्स चर्च उभे राहिले. शिपायांपैकी काहींची लग्ने झालेली असत. मुले बराकीत वाढत. आणि पटकी, ताप व मद्य यांनी ज्या वेगाने बाप नाहीसे होत त्या वेगाने पोरकी मुले मागे राहत. पलटणींच्या शाळा होत्या, अनाथाश्रमही निघत होते. पण तेथील वातावरण प्रॉटेस्टंट राज्यधर्माचे असल्यामुळे आपल्या मुलांचा धर्म तेथे टिकणार नाही अशी कॅथलिक धर्मगुरूंची धास्ती होती. शाळा काढण्याची प्रेरणा या धास्तीतून आली. ज्ञानप्रसार हा त्या वेळी दुय्यम हेतू होता, आणि हे सांगितल्याने त्या माणसांना उणेपणा येतो असे मी मानीत नाही. आपल्या पोरक्या मुलांचा सांभाळ करावा ही इच्छा शाळा काढण्यास पुरेशी सबळ आहे.

साधन मात्र सरकारच्या धोरणाने पुरविले. १८५४ सालच्या जुलैत सर चार्ल्स वुड याचा शिक्षणविषयक खलिता आला, आणि त्यात खाजगी शाळांना, त्या कोणत्याही पंथाच्या असोत, तपासणी मान्य केल्यास सरकारी मदत मिळावी असे तत्त्व घातले गेले. त्याच वर्षी पुण्याचा धर्मविभाग जर्मन येशूसंघीयांकडे सोपविण्यात आला व १८५८ साली मुंबईचाही आला. त्याच सुमारास रेल्वे पुण्यास पोहोचली. १८६० साली लष्करात जीझस अँड मेरी संघाच्या भगिनींनी मुलींचे कॉन्व्हेंट सुरू केले, ज्याच्यावरून कॉन्व्हेंट स्ट्रीट हे नाव रूढ झाले. आणि १८६७ साली येशूसंघीयांनी मुलांसाठी सेंट व्हिन्सेंट्स स्कूल स्थापिले. १८६७ हे वर्ष लष्कराच्या इतिहासात लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण ससून रुग्णालय रोग्यांसाठी खुले झाले ते याच वर्षी आणि ज्याला लोक लाल देऊळ म्हणतात ते यहुद्यांचे प्रार्थनामंदिर पुरे झाले तेही याच वर्षी. रुग्णालय, सिनेगॉग आणि शाळा ही एकाच वर्षाची अपत्ये असल्यामुळे त्या वस्तीचे जे बहुरंगी रूप पुढे शंभर वर्षे टिकले त्याचा साचा तेव्हाच ठरून गेला असे म्हणावयास हरकत नाही.

आता या शाळेच्या चालकांविषयी. येशूसंघाची स्थापना १५४० सालची आणि शिक्षणाविषयी त्याची कीर्ती युरोपभर पसरलेली. परंतु ज्यांना बिगरी व पहिली इयत्ता म्हणावे ते वर्ग या संघाने आरंभापासून स्वतःकडे घेतले नव्हते. संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने घालून दिलेल्या घटनेत असे स्पष्ट लिहिलेले आहे की मुलांना वाचावयास व लिहावयास शिकविणे हे दयाधर्माचे काम खरे, पण संघापाशी तेवढी माणसे नसल्यामुळे सामान्यतः ते अंगावर घेऊ नये. मुलगा वाचता-लिहिता होऊन यावा आणि मग त्याला व्याकरण, लॅटिन काव्य, वक्तृत्व या पायऱ्यांनी वर न्यावे, अशी १५९९ साली मुद्रित झालेल्या त्यांच्या अभ्यासपद्धतीची रचना होती. युरोपात हे शक्य होते, कारण अक्षरओळख करून देणारे दुसरे कोणी असत. छावणीत असे दुसरे कोण असणार? ज्यांनी तत्त्वज्ञानाचे व ईश्वरशास्त्राचे दीर्घ अध्ययन केले होते त्या जर्मन पंडितांवर सात वर्षांच्या आयरिश पोराकडून एबीसीडी वदवून घेण्याची पाळी आली. आणि तीही इंग्रजीत, जी त्या धर्मगुरूंची मातृभाषा नव्हती. १८७२ च्या जुलैत बिस्मार्कच्या सरकारने कायदा करून येशूसंघाला जर्मन साम्राज्यातून हद्दपार केले, तेव्हा मायदेशी शिकविण्याचे दार बंद झालेल्या अनेक विद्वानांच्या आयुष्याला परदेशातील मिशनांकडे वळण मिळाले आणि मुंबई-पुण्याच्या शाळांना माणसांचे बळ लाभले. बर्लिनमधील एका राजकीय कलहाचा लाभ पुण्याच्या लष्करातील प्राथमिक वर्गांपर्यंत असा येऊन पोहोचला.

संघाने लहान इयत्ता नाखुशीने घेतल्या असल्या तरी एकदा घेतल्यावर त्यांना आपली जुनी रीतच लावली, आणि ही रीत नीट समजून घेण्याजोगी आहे. तिचे मुख्य सूत्र आवृत्तीचे. शिक्षकाने आज जे सांगितले ते उद्या सकाळी प्रथम मुलांनी म्हणून दाखवावयाचे, आठवड्याचे आठवड्याच्या अखेरीस आणि वर्षाचे वर्षाच्या अखेरीस. नवा धडा मुलांच्या हाती सोडून देण्यापूर्वी गुरुजीने तो स्वतः वाचावा, त्यातील अडचणीचे शब्द फोडावे, मग मुलांना वाचू द्यावा, हा दुसरा नियम. तिसरा चुरशीचा. वर्गाचे दोन पक्ष करावयाचे, प्रत्येक मुलाला समोरच्या पक्षातील एक प्रतिस्पर्धी नेमून द्यावयाचा, आणि एक अडखळला की दुसऱ्याने ते दुरुस्त करून गुण आपल्या पक्षाकडे न्यावयाचा. जुन्या युरोपीय शाळांत या पक्षांना रोम आणि कार्थेज अशी नावे देत. अशा शाळांतील लहान मुलाचा दिवस प्रार्थनेने उघडे व प्रार्थनेने मिटे, आणि मधले तास इंग्रजी वाचन, शुद्धलेखन, पाठांतर, तोंडचे हिशेब व सुलेखन यांनी भरलेले असत. चार रेघांच्या वहीत अक्षराचा देह दोन मधल्या रेघांत, वरचा दांडा वरच्या रेघेस आणि शेपूट खालच्या रेघेस टेकले पाहिजे. जाड आणि बारीक फटकारा टाकाच्या दाबाने वेगळा उमटला पाहिजे. शाईचा डाग पडला की ते पान पुन्हा. छडी होती आणि ती वापरली जाई. त्या काळी पुण्यात ती सर्वच शाळांत होती, पण म्हणून तिचे समर्थन करण्याची मला इच्छा नाही. हातावर वळ उठलेला मुलगा पाठ म्हणून दाखवितो तो भीतीने, आणि भीतीने शिकलेले फार काळ आपले राहत नाही.

ही पद्धत वाचताना मराठी वाचकाला एक ओळखीची चाहूल लागल्याशिवाय राहणार नाही. आपल्या पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अक्षर गिरविणे, पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, औटकी यांचा मोठ्याने घोष, आणि दिवेलागणीस देवापुढे परवचा, याखेरीज दुसरे काय होते? आवाजाने शिकणे, आवृत्तीने पक्के करणे, आणि शिकलेले देवाच्या नावाशी जोडून ठेवणे या तीन गोष्टी दोन्हीकडे सारख्याच आहेत. अंतर होते ते पुढच्या पायरीत. पंतोजीचा विद्यार्थी हिशेबापाशी व मोडी खतपत्रापाशी थांबे; येशूसंघाच्या विद्यार्थ्याला त्या घोकंपट्टीवरून व्याकरणाकडे, व्याकरणाकडून निबंधाकडे आणि तेथून सभेत उभे राहून बोलण्याकडे नेण्याची योजना तयार होती. घोकंपट्टीला आपण फार दूषणे दिली. तिच्या पुढे काय ठेवले होते हा प्रश्न विचारावयाचे राहून गेले.

धर्मशिक्षण हा त्या दिवसाचा कणा. ते प्रश्नोत्तररूपाने चाले. प्रश्न गुरूचा आणि उत्तर ठरलेल्या शब्दांत मुलाचे. गोमंतकीय घरांत यालाच दोतोर्न म्हणतात. या बाबतीत १९१० साली एक असा बदल झाला की ज्याने जगभरच्या कॅथलिक प्राथमिक शाळांचे रूप पालटले. तोपर्यंत मुलाला पहिला ख्रिस्तप्रसाद मिळे तो दहा-बारा वर्षांचा किंवा त्याहूनही मोठा झाल्यावर. दहाव्या पायस पोपने त्या वर्षी फर्मान काढून ते वय सातच्या सुमारास आणले. परिणाम असा झाला की जी तयारी पूर्वी वरच्या इयत्तेत होई ती खालच्या वर्गांवर येऊन पडली आणि दुसरी-तिसरीचे वर्ष हे कॅथलिक मुलाच्या आयुष्यातील एक संस्काराचे वर्ष बनले. पांढरा पोशाख, हाती मेणबत्ती, चर्चमध्ये रांगेने प्रवेश, घरी आप्तांना जेवण. ज्यांनी मौंजीबंधनातील बटूची लगबग पाहिली आहे त्यांना या सोहळ्याचे मोल निराळे सांगावयास नको. वेदीसेवा करणाऱ्या मुलांना याशिवाय मिस्सेची लॅटिन उत्तरे पाठ करावी लागत. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६५ साली संपली आणि पुढील काही वर्षांत ती लॅटिन मागे पडली. तोवर लष्करातील दहा वर्षांची मुले अशा एका भाषेत अस्खलित उत्तरे देत होती जी त्यांच्या बापाला, आईला आणि बहुधा त्यांच्या वर्गशिक्षकालाही बोलता येत नव्हती.

कॅथलिकेतर मुलांना या तासातून मोकळीक असे. पारशी, यहुदी, मुसलमान व हिंदू मुलांसाठी त्या वेळात नीतिपाठ ठेवण्याची जी प्रथा कॅथलिक शाळांत रूढ झाली, तिच्यामुळे धर्मांतराच्या भीतीने पालकांनी शाळा टाळावी असा प्रसंग फारसा उरला नाही. लष्करातील व्यापारी व नोकरदार वर्गाने ही सवलत ओळखली. गोव्याहून आलेले शिंपी, बेकरीवाले, स्वयंपाकी, बँडवाले, मंगळूरकडचे कारकून, मद्रासकडून पलटणींबरोबर आलेली तमिळ कुटुंबे, मेन स्ट्रीट व ईस्ट स्ट्रीटवरचे पारशी दुकानदार, यांची मुले गोऱ्या सार्जंटाच्या मुलाशेजारी बाकावर बसू लागली. तरी पेठेतील मराठी मुलगा तेथे दिसत नव्हता. त्याला स्वतःच्या शाळा होत्या, त्या राष्ट्रीय वृत्तीच्या होत्या, आणि नागझरी ओलांडून जाण्याचे त्याला प्रयोजन नव्हते.

याच पुण्याच्या येशूसंघीयांनी मराठी मुलांसाठीही शाळा काढल्या, पण त्या पुण्यात नव्हत्या. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळाने दक्षिण महाराष्ट्राप्रमाणे नगर जिल्हाही होरपळून निघाला होता. १८७८ साली फादर ओटो वाइसहाउप्ट हे जर्मन येशूसंघीय त्या जिल्ह्यात गेले, आणि वळण, केंदळ, संगमनेर, राहाता या गावांच्या आसपास हळूहळू कॅथलिक मिशनची ठाणी पडली. तेथे जे लोक त्यांच्याकडे आले ते मुख्यतः महार व मांग समाजांतील होते. गावच्या शाळेच्या ओसरीवर ज्यांना चढू दिले जात नव्हते त्यांच्या मुलांसाठी मिशनने ज्या शाळा काढल्या त्या एकशिक्षकी, मातीच्या भिंतींच्या आणि संपूर्ण मराठी. त्यातला मास्तर हा शाळेचा गुरुजी, प्रार्थनेचा नायक, पत्र वाचून दाखविणारा आणि कज्जाच्या वेळी कचेरीत बरोबर जाणारा माणूस, असा चौहेरी होता. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला आणि तो अर्ज थेट विलायतेपर्यंत गाजला. सरकारी शाळा कोणाही जातीला बंद नाही असे तत्त्व त्यानंतर जाहीर झाले खरे, पण तत्त्व विलायतेत आणि ओसरी गावात, अशी स्थिती पुढे कित्येक वर्षे राहिली. १८८२ साली हंटर कमिशनपुढे फुल्यांनी जे निवेदन दिले त्याचा गाभा हाच होता की शेतसारा भरणारा शूद्र शेतकरी आणि त्याच्या पैशातून चालणाऱ्या वरच्या शिक्षणाचा लाभ घेणारा दुसराच. म्हणून सरकारने प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे व तिकडे पैसा वळवावा. नगरच्या मातीच्या शाळा हे या मागणीला मिशनने आपल्यापुरते दिलेले उत्तर होते, मग त्यामागील हेतू धर्मप्रसाराचा का असेना.

आता दोन चित्रे शेजारी ठेवावी. संघ एक, प्रार्थना एक, बिशप एक, कारण १८८६ साली पुण्याचे स्वतंत्र धर्मप्रांत झाले आणि नगरची ठाणी त्याच्याच अमलात होती. पुण्यात चार रेघांची वही, बाक, दौत, इंग्रजी, आणि पुढे मॅट्रिक व रेल्वे, तारखाते, कस्टम यांतील नोकरी. वळणला पाटी, घोंगडी, मराठी चौथी, आणि पुढे फार तर मास्तरकी. हा भेद श्रद्धेने निर्माण केलेला नाही. तो ज्या समाजात शाळा उभी राहिली त्याने केला, आणि धर्मगुरूंनी तो बहुतेक तसाच चालू दिला. मला या बाबतीत त्यांची बाजू पूर्णपणे घेता येत नाही. संगमनेरसारख्या ठिकाणी पुढे मोठी विद्यालये निघाली, ज्ञानमाता विद्यालय हे त्यांतील नावाजलेले. पण आरंभीची जी दोन-तीन दशके एका समाजाच्या मुलाला कारकून आणि दुसऱ्याच्या मुलाला फक्त साक्षर करण्यात गेली, ती भरून निघावयास पुढे कित्येक दशके लागली.

या दोन टोकांना जोडणारा माणूस म्हणून मला फादर हाइन्रिश डोअरिंग यांचे नाव घ्यावेसे वाटते. ते नगरच्या ठाण्यांत राहून मराठी शिकले आणि १९०३ साली केंदळसारख्या आडगावातून त्यांनी 'निरोप्या' हे मराठी मासिक सुरू केले. खेड्यातल्या मास्तराला वर्गात वाचून दाखविण्यास काही हवे, शाळा सुटलेल्या मुलाचे अक्षर गंजू नये, ही गरज असे मासिक भागवी. १९०७ साली हेच डोअरिंग पुण्याचे बिशप झाले. पहिले महायुद्ध सुरू होताच मात्र सारे विस्कटले. जर्मन प्रजाजन म्हणून येशूसंघीयांना नजरकैद करण्यात आले, आणि ही नजरकैद होती अहमदनगरची, म्हणजे जेथल्या गावोगावी त्यांच्याच शाळा होत्या तेथली. पुढे १९१५-१६ मध्ये 'गोलकोंडा' जहाजाने अनेक जर्मन मिशनऱ्यांची मायदेशी रवानगी झाली. शाळा बंद पडल्या नाहीत, पण ज्यांनी त्या उभ्या केल्या ते नाहीसे झाले आणि इतर देशांच्या व प्रांतांच्या येशूसंघीयांनी मोठ्या ओढाताणीने काम सांभाळले. डोअरिंग यांना हिंदुस्थानात परतण्यास बंदी होती; १९२१ साली त्यांची जपानात हिरोशिमा येथे नेमणूक झाली आणि १९२७ नंतर ते पुन्हा पुण्याच्या गादीवर आले. त्यांच्या पुढील काळात या प्रांताची सूत्रे बरीचशी स्विस येशूसंघीयांकडे गेली. तटस्थ राष्ट्राच्या नागरिकांना दुसऱ्या महायुद्धात जर्मनांसारखे तुरुंगवासाचे भय नव्हते, हा त्याचा एक फायदा.

१९४७ साली गोरे शिपाई गेले, आणि पाठोपाठ अँग्लो-इंडियन कुटुंबे इंग्लंड-ऑस्ट्रेलियाची वाट धरू लागली. लष्करातील इंग्रजी शाळांची मूळ मुलेच निघून जात होती. शाळा कोणासाठी, हा प्रश्न आता खरोखर उभा राहिला. संविधानाच्या ३३७ व्या अनुच्छेदाने अँग्लो-इंडियन शाळांना दहा वर्षे क्रमाने घटणारी सरकारी मदत देऊ केली, पण त्यासाठी शेकडा ४० जागा इतर समाजांना खुल्या ठेवण्याची अट घातली. इतक्यात ६ जानेवारी १९५४ रोजी मुंबई सरकारने हुकूम काढला की इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत ज्यांची भाषा इंग्रजी आहे असे अँग्लो-इंडियन व बिगरआशियाई वंशाचे नागरिक यांखेरीज कोणाच्याही मुलाला प्रवेश देऊ नये. हेतू देशी भाषांना बळ देण्याचा होता आणि तो हेतू मला आजही आदरणीय वाटतो. परंतु देवळालीच्या बार्न्स हायस्कूलने एका भारतीय ख्रिस्ती लष्करी अधिकाऱ्याच्या मुलीला आणि एका गुजराती हिंदू डॉक्टराच्या मुलाला या हुकुमामुळे प्रवेश नाकारला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि २६ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हुकूम घटनाबाह्य ठरविला. कोणत्या भाषेत शिकावे हे केवळ मुलाच्या जन्माच्या भाषेवरून सरकार ठरवू शकत नाही असा त्याचा आशय. या निकालाला पुण्याच्या इतिहासात जेवढे स्थान मिळावयास हवे तेवढे मिळालेले नाही. सदाशिव, नारायण व शनिवार पेठेतील मराठी मुलासाठी लष्करातील शाळेचे दार कायद्याने मोकळे झाले ते त्या दिवशी, आणि पुढील पंचवीस-तीस वर्षांत तो खरोखर तेथे येऊन बसला.

काही ठिकाणी शाळाच त्याच्याकडे चालत गेली. पाषाणला १९५० साली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली होती, संरक्षणखात्याच्या संशोधनसंस्था त्या बाजूस वसत होत्या, आणि शास्त्रज्ञ व अधिकारी यांची एक नवी वसाहत शहराच्या पश्चिमेस आकार घेत होती. १९६१ साली, ज्या वर्षी पानशेत फुटून पेठा पाण्याखाली गेल्या त्याच वर्षी, स्विस येशूसंघीय फादर रुडॉल्फ शोख यांच्या नेतृत्वाखाली तेथे लोयोला ही मुलांची शाळा निघाली. लष्करातील शाळा सैनिकांच्या मुलांसाठी होती. ही प्रथमपासूनच मराठी मध्यमवर्गाच्या मुलांची झाली. खेळाचे मोठे मैदान, कडक वेळापत्रक, वर्गशिक्षिकेचा प्रत्येक मुलाच्या वहीवर रोजचा डोळा, हे सारे सेंट व्हिन्सेंट्सचेच. बिगरीच्या वर्गात शिकविणारी आता बहुधा एखादी कुलकर्णी किंवा डिसोझा टीचर असते आणि फादर दिसतात ते प्रार्थनेला व बक्षीससमारंभाला. पण आवृत्ती, सुलेखन व चुरस ही त्रयी हात बदलूनही शिल्लक राहिली.

राहता राहिली ती मराठी. येथे मनाला खरी खंत वाटते. याच येशूसंघाचा फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आला, त्याने आपली मातृभाषा इंग्रजी बाजूस ठेवली, आणि १६१६ साली राशोल येथे ओवीबद्ध मराठीत 'क्रिस्तपुराण' छापून काढले. रोमन लिपीत छापलेला तो ग्रंथ देवनागरीत आणण्याचे काम १९५६ साली पुण्यातच झाले, प्रा. शांताराम बंडेलू यांच्या हातून. ज्या संघाच्या परंपरेत असा ग्रंथ आहे त्याच्या पुण्यातील शाळांत मराठी हा दीर्घकाळ एक वरकड विषय, दुय्यम भाषा, तिसरा तास एवढाच राहिला. कारणे मला ठाऊक आहेत: पालकच इंग्रजी मागत, परीक्षा इंग्रजीत, शिक्षकवर्ग बहुभाषिक. तरीही नगरच्या मातीच्या शाळेत जी भाषा प्रार्थनेची होती ती पुण्याच्या दगडी इमारतीत केवळ गुणपत्रिकेची व्हावी, याचे दुःख कमी होत नाही. संघातील काहींना हे जाणवले. फादर मॅथ्यू लेडर्ले या जर्मन येशूसंघीयाने आधुनिक महाराष्ट्रातील तत्त्वचिंतनावर ग्रंथ लिहिला, शनिवार पेठेत स्नेहसदन उभे केले, आणि लष्करात न राहता पेठेत, मराठी विचारवंतांच्या शेजारी बसून संवाद चालविला. १९५५ साली कँडीहून पुण्यास आलेली पेपल सेमिनरी नगर रस्त्यावरच आहे आणि तेथे शिकणाऱ्या धर्मगुरूंपैकी पुष्कळांना पुढे याच रस्त्याने नगरच्या गावांत जावे लागते, तेव्हा मराठी शिकल्यावाचून त्यांचेही भागत नाही. २०२० साली महाराष्ट्र सरकारने कायदा करून सर्व मंडळांच्या, सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची केली, तेव्हा कॅथलिक शाळांनाही ती पहिलीपासून शिकविणे प्राप्त झाले.

या विषयाचे संशोधन कोणी हाती घेणार असेल तर त्याने ग्रंथांपेक्षा शाळांच्या कपाटांकडे आधी जावे. शिक्षणखात्याच्या नियमाप्रमाणे प्रत्येक शाळेला दाखलखारीज रजिस्टर ठेवावे लागते, आणि त्यात मुलाचे नाव, जन्मतारीख, धर्म व जात, पूर्वीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख व सोडण्याचे कारण हे रकाने असतात. लष्करातील शाळेचे जुने खंड व नगर जिल्ह्यातील मिशनशाळांचे जुने खंड एकाच मेजावर उघडून, शाळा सोडण्याच्या कारणाचा तेवढा रकाना वर्षावार उतरवून घ्यावा: कोठे बापाच्या पलटणीची बदली, कोठे विलायतेस प्रयाण, कोठे दुष्काळात ऊसतोडीस किंवा मुंबईस गेले, कोठे नुसते 'सतत गैरहजर'. हे काम एका माणसाच्या दोन-तीन वर्षांचे आहे, त्याला जर्मन, इंग्रजी व मोडी तिन्ही यावे लागतील, आणि असा माणूस पुण्याच्या विद्यापीठातून निघावा अशी माझी मनःपूर्वक इच्छा आहे.